माजघरांतील देवडी

जुन्या वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें आहे त्यांस देवडी म्हणजे काय हें सांगावयास नको. दिंडीदरवाजाच्या आंत दोहों बाजूंस ओटे असत आणि त्यांपैकीं एकावर वाड्याचा जुना गडी बसलेला असे. येणाराशीं तो फारसें बोलत नसे. आपण कोण आणि कोणाकडे आलांत, एवढेंच विचारी. उत्तर पटलें कीं वाट मोकळी होई. न पटल्यास पोषाख कितीही भारी असला तरी पाहुण्यास ओट्यावर बसून राहावें लागे. वाडे गेले आणि देवड्याही गेल्या. परंतु तो प्रश्न मात्र गेला नाहीं. आतां तो आपल्या माजघरांतील संगणकाच्या पडद्यावर उमटतो, आणि त्याचें उत्तर देण्याचा आपणांस इतका कंटाळा येतो कीं, तो प्रश्नच काढून टाकावा असें आपल्यांतील पुष्कळांस वाटतें.

आमच्या घरींही असेंच झालें. त्यापासून जें नुकसान झालें तें पैशांत मोजण्याजोगें नव्हतें. म्हणूनच तें येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. परंतु तें नीट उमजावें यासाठीं एका यंत्रावर अनेक माणसें बसविण्याची युक्ति मुळांत कशी निघाली आणि त्या यंत्राच्या दारांची व्यवस्था कशी लावतात, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. विषय प्रथमदर्शनीं रुक्ष वाटेल. तथापि ज्या घरांत आठ माणसें आणि एक संगणक आहे त्या घरास तो परका नाहीं.

१९५० च्या दशकांत संगणक म्हणजे एका मोठ्या दालनांत बसविलेलें यंत्र असे. काम घेऊन येणारानें छिद्रें पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा कारकुनाच्या हवालीं करावा आणि उत्तरासाठीं तासचे तास, कधीं दुसऱ्या दिवसापर्यंतही, वाट पाहावी अशी रीति होती. एकाच माणसाच्या हातीं सबंध यंत्र द्यावें, तर तो विचार करीत बसला असतां तें लाखमोलाचें यंत्र रिकामें राही. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनीं यावर तोड काढली. यंत्राचा वेळ क्षणाक्षणांनीं वांटून द्यावयाचा. अल्प काळ एकास, लगेच दुसऱ्यास, मग तिसऱ्यास. यंत्राचा वेग एवढा कीं तें केवळ आपल्याच सेवेंत आहे असें प्रत्येकास वाटावें. 'सी. टी. एस. एस.' नांवाच्या या व्यवस्थेचें प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्यें झालें. पंगतींत वाढणारा एकच असला तरी तो चपळ असेल तर कोणाचेंही पान रिकामें राहत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार होय.

परंतु अनेक माणसें एका यंत्रावर आलीं कीं दोन प्रश्न आपोआपच उभे राहतात. कोणता मजकूर कोणाचा, हा पहिला. आणि समोर बसलेला मनुष्य तोच कशावरून, हा दुसरा. परवलीचा शब्द, ज्यास आपण पासवर्ड म्हणतों, तो संगणकाच्या व्यवहारांत याच व्यवस्थेपासून रूढ झाला असें मानितात.

पुढें १९६९ मध्यें न्यू जर्सी प्रांतांतील मरे हिल येथें, बेल प्रयोगशाळेंत, केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाच्या व्यवस्थेस आरंभ केला. आज अनेक घरांत व कचेऱ्यांत जी लिनक्स चालते ती युनिक्सच्याच वळणावर घडविलेली आहे. युनिक्सच्या पहिल्या मार्गदर्शिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, आणि दारावरच्या तीन नोकरांचीं नांवें तींत आधींच आलेलीं आहेत: इनिट, गेटी आणि लॉगिन. अर्धें शतक उलटून गेलें, यंत्रें हजारों पटींनीं वेगवान् झालीं, परंतु हीं नांवें अद्याप पुसलीं गेलेलीं नाहींत.

त्या काळीं यंत्राशीं बोलण्याचें साधन म्हणजे टेलिटाइप. तारेच्या टोकाला जोडलेलें तें एक टंकलेखन यंत्रच म्हणावयाचें. १९६३ सालीं निघालेलें 'टेलिटाइप मॉडेल ३३' सेकंदास दहा अक्षरें छापी, आणि त्यावर केवळ मोठीं रोमन अक्षरें असत. टेलिटाइपचा संक्षेप 'टीटीवाय' असा झाला. आज तें यंत्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तरी लिनक्समधील प्रत्येक दाराचें नांव 'टीटीवाय एक', 'टीटीवाय दोन' असेंच आहे. मूळ पुरुष गेला, आडनांव मागें राहिलें.

आतां या तीन नोकरांचीं कामें पाहूं. इनिट हा घरचा कर्ता. यंत्र सुरू झालें कीं सर्वांआधीं जागा होतो तो हाच, म्हणून त्याचा अनुक्रमांक १. त्याच्यापाशीं दारांची एक यादी असते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्यें ही यादी फार साधी असे: प्रत्येक ओळीचें पहिलें अक्षर शून्य किंवा एक, म्हणजे दार बंद कीं उघडें, दुसरें अक्षर तारेचा वेग कसा ठरवावा हें सांगणारें, आणि पुढें दाराचें नांव. यादींतील प्रत्येक उघड्या दारावर इनिट एकेक गेटी बसवितो.

गेटीचें काम खरोखर देवडीवरच्या गड्याचें. तो तार उघडतो, तिचा वेग जुळवितो, 'लॉगिन' असा शब्द पडद्यावर लिहितो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या माणसाचें यंत्र कोणत्या वेगाचें आहे हें पूर्वीं त्यास आधीं ठाऊक नसे. वेग जुळला नाहीं तर दोहों बाजूंस निरर्थक चिन्हांचा गोंधळ दिसे. अशा वेळीं माणसानें 'ब्रेक' नांवाची कळ दाबावी आणि गेटीनें पुढचा वेग धरून पाहावा, असा संकेत होता. येणारानें आपलें नांव सबंध मोठ्या अक्षरांत लिहिलें, तर याच्या यंत्रावर लहान अक्षरेंच नसावींत असें समजून गेटी पुढचा सर्व व्यवहार त्या बेतानें चालवी. पाहुण्यास कमी ऐकूं येतें असें दिसतांच आवाज चढविणारा गडी आम्ही पाहिलेला आहे. हा त्याचाच भाऊ.

नांव मिळालें कीं गेटी तें लॉगिनच्या हवालीं करितो. लॉगिन परवलीचा शब्द विचारतो आणि तो लिहिला जात असतां पडद्यावर कांहींच उमटूं देत नाहीं, म्हणजे पाठीमागें उभा असलेल्यास वाचतां येऊं नये. नांव चुकलें किंवा शब्द चुकला, तरी दोन्ही वेळां तो एकच उत्तर देतो: प्रवेश नाहीं. अमुक नांवाचा मनुष्य या घरांत आहे कीं नाहीं, एवढीही माहिती तो परक्यास देत नाहीं. शब्द जुळला म्हणजे तो त्या माणसाची खोली उघडतो, त्याचे अधिकार त्यास देतो आणि आज्ञा ऐकणारा 'शेल' त्याच्या सेवेस उभा करितो. यांतील मौज अशी कीं, मूळच्या युनिक्समध्यें गेटी, लॉगिन आणि शेल हे तीन निरनिराळे जीव नसून एकच प्रक्रिया क्रमानें तीन वेष घेत असे. माणूस काम आटोपून उठला कीं तिचा अंत होतो. इनिटला तें कळतें आणि तो त्याच दारावर नवा गेटी बसवितो. दार क्षणभरही ओसाड राहत नाहीं.

असो. आतां आमच्या घराकडे वळूं.

आमच्या घरीं आम्ही दोघे बंधु, आमचीं मुलेंबाळें, आणि आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारें घर माई म्हणतें, अशीं एकत्र राहतों. वडील बंधु आप्पा यांच्या चिरंजीवास यंत्रांची गोडी आहे. त्यानें एक जुना संगणक दुरुस्त करून त्यावर लिनक्स बसविली आणि तो माजघरांत मांडला. प्रत्येकानें नांव आणि शब्द लिहीत बसावें हें घरांत कोणासच रुचलें नाहीं. "आपण काय परके आहों?" असें आप्पाच म्हणाले. तेव्हां मुलानें सर्वांसाठीं 'घर' या नांवाचें एकच खातें काढलें आणि गेटीला अशी आज्ञा दिली कीं, कोणास कांहीं न विचारतां दार उघडून द्यावें. यास स्वयंप्रवेश म्हणतात, आणि तो केवळ एका शब्दाच्या फरकानें साधतो. कळ दाबली कीं पडदा तयार. सर्वांस सोय झाली आणि मुलाची वाहवा झाली. त्या वाहवेंत आम्हीही सामील होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

माईंनीं त्याच यंत्रावर देवनागरी लिहिण्यास शिकून घेतलें. सत्तरी ओलांडल्यावर हें सोपें नाहीं. दुपारीं घर निजलें म्हणजे त्या तासभर लिहीत. काय लिहितां, असें कोणी विचारलें नाहीं आणि त्यांनीं सांगितलें नाहीं. चार महिन्यांनंतर एका रात्रीं जेवतांना आप्पांचा दहा वर्षांचा नातू सहज म्हणाला, "माईआजी, आजोबा आजारी होते तेव्हां डॉक्टर बरें वाटेल म्हणालेच नव्हते ना? मग तूं त्यांना तसें खोटें कां सांगितलेंस?"

पंगत स्तब्ध झाली. पोरानें कांहीं चोरून वाचलें नव्हतें. आपलें चित्र शोधतां शोधतां त्याला एक मजकूर सांपडला आणि त्यानें तो वाचला. त्या खात्यांत सारेंच सर्वांचें होतें. माई रागावल्या नाहींत. ताटावरूनही उठल्या नाहींत. "बरें वाटावें म्हणून सांगितलें, बाळ," एवढेंच बोलून त्यांनीं ताक मागितलें. परंतु दुसऱ्या दिवसापासून दुपारचें लिहिणें बंद झालें, तें दोन महिने बंदच राहिलें. तीस वर्षें मनांत ठेविलेलें एक दुःख त्यांनीं प्रथमच कागदावर म्हणावें असें उतरविलें होतें, आणि आमच्या सोयीसाठीं तें आम्ही पंगतींत वाढून ठेविलें.

मुलास फार वाईट वाटलें. त्यानें स्वयंप्रवेश काढून प्रत्येकाचें निराळें दार बांधण्याचें मनावर घेतलें. त्याच वेळीं माडीवर आप्पांच्या खोलींत हिशोबासाठीं एक दुसरें टर्मिनल बसवावें असेंही ठरलें. जुन्या बाजारांत त्याला एक पडदा व कळफलक असलेलें सीरियल टर्मिनल स्वस्तांत मिळालें. यानंतर आठ दिवस तो जें शिकला तें इतर घरांच्याही उपयोगीं पडावें म्हणून येथें देतों.

आमच्या यंत्रावर दारांची यादी 'इनिटटॅब' नांवाच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत असते. तिच्या प्रत्येक ओळींत चार रकाने: दाराची खूण, यंत्राच्या कोणकोणत्या अवस्थांत दार चालू ठेवावयाचें, काय करावयाचें, आणि कोणता नोकर बसवावयाचा. तिसऱ्या रकान्यांत 'रीस्पॉन' हा शब्द असतो. नोकर गेला कीं पुन्हां बसवा, हा त्याचा अर्थ. पहिल्या दिवशीं मुलानें चौथ्या रकान्यांत गेटीच्या नांवांतील एक अक्षर चुकविलें. नोकर सांपडेना, इनिट पुनःपुन्हां बसवावयास जाई आणि पुनःपुन्हां तोंडघशीं पडे. दोन मिनिटांत दहापेक्षां अधिक वेळां असें झालें म्हणजे इनिट तें दार पांच मिनिटें बंद ठेवितो आणि तशी सूचना देतो. ही सूचना दिसली कीं यंत्र बिघडलें असें न समजतां आपली ओळ पुन्हां वाचावी.

दुसऱ्या दिवशीं माडीवर अक्षरें उमटलीं, परंतु तीं कोणत्याच भाषेंतलीं नव्हतीं. टर्मिनल ९६०० च्या वेगावर लावलेलें आणि गेटीस १९२०० सांगितलेलें, हें त्याचें कारण. वेग, अक्षरामागें किती बिट, आणि पॅरिटी ठेवावयाची कीं नाहीं, या तीन गोष्टी दोहों टोकांस एकच असाव्या लागतात. तिसऱ्या दिवशीं पडदा कोराच राहिला. पलीकडे कोणी आहे असें सांगणारी 'कॅरिअर' नांवाची एक निराळी तार असते. आमच्या केबलींत तीनच तारा होत्या, त्यांत ती नव्हती. गेटी बिचारा त्या खुणेची वाट पाहत बसला होता. ही तार जवळचीच आहे, खुणेची वाट पाहूं नये, अशी आज्ञा त्यास देतां येते. ती देतांच माडीवर 'लॉगिन' हा शब्द उमटला. या जातीची केबल जुन्या मानकाप्रमाणें ५० फुटांपर्यंत नेण्यास हरकत नसे, आणि आमची माडी तेवढी दूर नाहीं.

यादींत फेरफार केल्यावर यंत्र बंद करून पुन्हां लावण्याचें कारण नाहीं. 'यादी पुन्हां वाच' अशी आज्ञा इनिटला देतां येते. परंतु त्याआधीं एक गोष्ट कधींही विसरूं नये. नव्या कुलपाची किल्ली लागते कीं नाहीं हें पाहिल्यावांचून जुनें दार लावून घेऊं नये. एका पडद्यावर आपण आंत असावें आणि दुसऱ्यावर नवी व्यवस्था पारखावी. एका रात्रीं मुलानें हा नियम मोडला आणि स्वतःच्याच घराबाहेर राहिला. यंत्र एकाकी अवस्थेंत सुरू करून यादी सुधारण्यांत पहांट झाली.

बहुतेक नव्या लिनक्सांवर इनिटचें काम आतां २०१० मध्यें निघालेल्या 'सिस्टिमडी' कडे गेलें आहे. तेथें प्रत्येक दारासाठीं निराळी ओळ लिहावी लागत नाहीं. एकाच नमुन्यावरून हवीं तितकीं दारें निघतात, आणि 'कंट्रोल' व 'आल्ट' यांबरोबर एफच्या कळा दाबून सहा पडद्यांपैकीं हव्या त्या पडद्यावर जातां येतें. ज्या पडद्यावर आपण जातों त्यावरच त्या वेळीं गेटी येऊन बसतो. नोकर तोच, पगारपत्रक मात्र नव्या कारकुनाकडे गेलें एवढेंच.

माईंच्या दारापाशीं एक अडचण निराळीच निघाली. आपलें नांव देवनागरींत लिहूं द्यावें असें त्यांचें म्हणणें. तें त्या साध्या पडद्यावर साधत नाहीं. कारण त्यावर एका वेळीं फार तर ५१२ आकृति मावतात, आणि जोडाक्षरें जुळविण्याची विद्या त्यास येत नाहीं. पूर्वीं कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आरंभ झालेलें आणि पुढें, १९८८ मध्यें स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलेलें 'जिस्ट' तंत्र याच अडचणीवर उपाय म्हणून निघालें होतें. भारतीय लिपींच्या सांकेतिक अक्षरांचें 'इस्की' हें मानकही १९९१ मध्यें ठरलें. आज चित्रमय पडद्यावर देवनागरी सुखानें लिहितां येते. परंतु देवडीवरचा गडी अजून रोमन अक्षरेंच ओळखतो. "बरें, उंबऱ्यापुरतें इंग्रजी," असें म्हणून माईंनीं तें मान्य केलें.

आप्पांचा मात्र विरोध होता, आणि तो केवळ हट्टाचा नव्हता. त्यांचें म्हणणें असें: "आपल्या घरांत कपाटांस कुलुपें नाहींत. पत्रें आलीं तर सर्वांदेखत वाचतों. आज यंत्रावर आठ दारें झालीं, उद्यां घरांत आठ चुली होतील." हा आक्षेप आमच्या वाचकांपैकींही अनेकांच्या मनांत येईल. त्यास उत्तर माईंनींच दिलें. त्या म्हणाल्या, "आप्पा, आपली आई या घरांत आली तेव्हां तिची एक लोखंडी ट्रंक होती. किल्ली तिच्या कमरेला असे. आंत काय होतें? दोन लुगडीं आणि माहेरचीं चार पत्रें. वडिलांनीं ती ट्रंक कधीं उघडली नाहीं, आणि घर कांहीं मोडलें नाहीं." आप्पा पुढें कांहीं बोलले नाहींत.

आम्हांस वाटतें, यांत सर्व आलें. एकत्र कुटुंब म्हणजे सर्वांचें सर्व उघडें, असा अर्थ आपल्या पूर्वजांनीं कधीं केला नव्हता. माजघर सर्वांचें, देवघर सर्वांचें. परंतु ज्याची त्याची एक पेटी असे, आणि तिच्यामुळेंच बाकी सर्व एकत्र नांदे. निराळें खातें ही अविश्वासाची खूण नव्हे. ती पेटी आहे.

परंतु येथें गोष्ट संपत नाहीं. प्रत्येकाची खोली फक्त त्यालाच उघडतां यावी अशी परवानगी लावून मुलगा माईंकडे गेला. माईंनीं त्यास विचारलें, "आतां हें तुला वाचतां येईल का?" मुलगा घुटमळला. या व्यवस्थेंत 'रूट' नांवाचा एक सर्वाधिकारी असतो, आणि त्यास कोणतीही परवानगी आड येत नाहीं. ती किल्ली मुलाच्याच हातीं होती. नाहीं म्हटलें असतें तर माईंना कळण्याचा मार्ग नव्हता. तो म्हणाला, "येईल, माईआत्या. मी वाचणार नाहीं. पण मला वाचतां येईल." माई म्हणाल्या, "खरें सांगितलेंस, बरें केलेंस."

सर्वाधिकाऱ्यांच्या हातून चूक होते, त्यास मनांत कपट असावें लागत नाहीं. ज्या सी. टी. एस. एस. चा उल्लेख वर केला तीवरच १९६० च्या दशकांत असें घडलें कीं, दोन व्यवस्थापक एकाच वेळीं दोन मजकूर दुरुस्त करीत होते. एक सर्वांस दाखविण्याची दैनिक सूचना, दुसरा परवलीच्या शब्दांची यादी. मध्यंतरीचा मजकूर ठेवण्याची जागा दोहोंस एकच असल्यामुळें त्यांची अदलाबदल झाली, आणि प्रत्येक येणारास सूचनेऐवजीं सर्वांचे गुप्त शब्द छापून मिळूं लागले. ही हकीकत स्वतः कॉर्बाटो यांनींच आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत सांगितली आहे. अशाच अनुभवांमुळें पुढें युनिक्समध्यें शब्द जसाच्या तसा न ठेवितां त्याचें उलगडण्यास अवघड असें रूपांतर ठेवूं लागले. रॉबर्ट मॉरिस व टॉम्प्सन यांनीं १९७९ च्या लेखांत त्याचें विवेचन केलें आहे. तात्पर्य, किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या हातीं तोही माणूसच आहे, हें धरूनच व्यवस्था करावी.

शेवटीं माईंच्या लेखनाची पेटी त्यांच्याच शब्दानें कूटबद्ध केली. पेटी मिटलेली असतांना ती रूटलाही वाचतां येत नाहीं. मात्र शब्द विसरला तर जगांत कोणासही ती उघडतां यावयाची नाहीं, हेंही मुलानें त्यांस स्पष्ट सांगितलें. माईंनीं तो शब्द एका कागदावर लिहिला, पाकिटांत घालून डिंकानें चिकटविला आणि आईच्या त्या ट्रंकेंत ठेविला. "मी गेल्यावर उघडा," असें त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीं दुपारीं घर निजल्यावर माजघरांतून कळा वाजल्याचा आवाज आला. आम्ही कूस बदलून पुन्हां डोळे मिटले.

ज्या घरांत एक यंत्र आणि अनेक माणसें आहेत त्यांनीं एवढें करावें अशी आमची विनंति आहे. प्रत्येकाचें, मुलांचें व वृद्धांचेंही, निराळें खातें असावें. समाईक मजकुरासाठीं एक समाईक खण निराळा ठेवावा. स्वयंप्रवेशाच्या मोहास बळी पडूं नये. सर्वाधिकाऱ्याच्या खात्यानें रोजचें काम करूं नये; त्याचा शब्द घरांतील दोन जबाबदार माणसांस ठाऊक असावा, म्हणजे एकाच्या आजारपणांत घर अडून बसणार नाहीं. उठतांना आपलें दार लावून उठावें. आणि ज्याच्या हातीं जुडगा आहे त्यानें आपणांस काय वाचतां येतें हें घरांतल्या माणसांपासून लपवूं नये. यंत्र नांव विचारतें तेव्हां त्याचा राग मानूं नये. देवडीवरचा गडीही घरच्या धन्यास अंधारांत हटकीतच असे, आणि त्याबद्दल धनी त्यास शाबासकी देत.